राखेतून लवकर काढलेली चकती

मित्रांनो, मी एक अर्धी चकती आहे. जुनी तर आहेच, पण त्याचं मला काही नाही. अर्धी आहे, हे मात्र आधी सांगितलेलं बरं. माझा दुसरा भाग एका कॉलेजात काचेच्या कपाटात असतो आणि शिकणारी मुलं त्याला वाकून वाकून बघतात. मी इथे, मेंढ्यांच्या वाड्यावर, पालाच्या तोंडाशी पडलेली. माझ्यापुढे कोणी वाकत नाही. फार तर एखादं कोकरू येतं, मला चाटतं आणि चव पटली नाही की शिंकून निघून जातं.

वाडा म्हटल्यावर तुमच्या मनात जो दगडी वाडा आला असेल, तो हा नव्हे. धनगर मेंढ्या घेऊन ज्या रानात मुक्काम करतात, त्या मुक्कामालाच वाडा म्हणतात. मेंढ्यांभोवती दोरीची जाळी लावतात, ती वाघर. वाघरीच्या खुंट्या रोज संध्याकाळी जमिनीत ठोकाव्या लागतात. त्या खुंट्या ठोकण्याचं काम कितीतरी वर्षं मी केलं. आणि माझा जन्म कशासाठी झाला होता, सांगू? अणुवीज केंद्रासाठी. हसलात ना? हसा. मला त्याची सवय आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर पेठ गावात सयाजीचं वर्कशॉप होतं. सयाजी अवसरी बुद्रुकचा, घरची बागायत शेती, पण त्याचा जीव यंत्रात. गुऱ्हाळाचे चरक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे पंप, मोडलेलं काहीही घेऊन या, सयाजी परत पाठवत नसे. आणि ते मोडलेलं सांधायचा कोण? बहिरू. बहिरू धनगराचा. शाळेत दोघं एका पाटावर बसले, दोघांनी एका शिक्षकाचा मार खाल्ला. पुढे बहिरू भोसरीला एका कारखान्यात वेल्डिंग शिकला, चांगला तयार झाला आणि सयाजीने बोलावलं म्हणून गावाकडे परत आला. गिऱ्हाईक समोर असलं की तो सयाजीला ‘शेठ’ म्हणायचा. दोघंच असले की नुसतं ‘सयाजी’. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

नव्वद सालानंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. पुण्याकडच्या एका कंपनीला अणुवीज केंद्राच्या व्हॉल्व्हचं काम मिळालं होतं. व्हॉल्व्ह म्हणजे नळाची तोटीच, पण भलीमोठी. तिच्या पोटात एक चकती असते. ती सरकली की उकळतं पाणी आणि वाफ वाहते, बसली की थांबते. अणुवीज केंद्रात ही चकती थेंबभरही गळून चालत नाही, म्हणून तिच्या तोंडावर फार कडक धातूचा जाड लेप चढवावा लागतो. तो लेप एका दमात चढत नाही. थरावर थर द्यावा लागतो. कंपनीने सयाजीला सांगितलं, एक चकती नमुना म्हणून करून दाखवा. पास झाली तर तुमचा वेल्डर मंजूर, आणि मग काम तुमचंच.

तो नमुना म्हणजे मी.

बहिरूसाठी यात काय होतं, ते कळलं नाही तर माझ्या गोष्टीत काहीच कळणार नाही. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी एका जागी राहिलं नव्हतं. बाप मेंढ्यांमागे, भाऊ मेंढ्यांमागे. बायको म्हाळसाबाई आणि पोरगी प्रांजल तेव्हा वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहत. प्रांजल नुकतीच शाळेत जायला लागली होती. बहिरूचं नाव अणुकामाचा वेल्डर म्हणून लागलं असतं, तर त्याचं बिऱ्हाड पेठला कायमचं टेकलं असतं. त्याच्या हाताला नाव मिळालं असतं. हाताला नाव मिळणं म्हणजे काय, हे कारागिराला विचारा. पोटभर जेवण त्याच्यापुढे काही नाही.

त्याने मला वाढवलं ते मी कधी विसरणार नाही. खाली पोलादाचं बूड होतं, ताटलीएवढं. ते तो आधी चांगलं तापवायचा. मग डोळ्यांवर काळी काच ओढून, आर्गन वायूच्या आडोशाने, विजेच्या बारीक ठिणगीत कडक धातूची कांडी वितळवत गोल फिरत यायचा. एक फेरा झाला की तारेच्या ब्रशने घासायचा, वाकून बघायचा, मनाजोगतं नसलं तर ग्राइंडरने काढून टाकून पुन्हा घालायचा. म्हाळसाबाई भाकरी घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची. एकदा ती म्हणाली म्हणे, एवढं कौतुक पोरीचंही केलं नाही. बहिरू हसला. मला ते ऐकून काय वाटलं ते मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या.

आता राखेचं. कडक धातूचा स्वभाव वाईट असतो, मित्रांनो. तापलेला असताना त्याला एकदम गार केलं की तो तडकतो. त्याला हळूहळू निवू द्यावं लागतं. भोसरीच्या कारखान्यात त्यासाठी कसलीशी पांढरी पूड होती. पेठला ती कुठून आणणार? बहिरूने आपल्या घरातलीच गोष्ट काढली. भावाच्या वाड्यावरून त्याने लेंड्यांच्या राखेची पोती आणली. ही राख मऊ, कोरडी, आणि ऊब धरून ठेवण्यात पक्की. जमिनीत खड्डा, खड्ड्यात राख, राखेत तापलेला तुकडा, वर पुन्हा राख, वर पत्रा, आणि पत्र्यावर त्याची काळी घोंगडी. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरापर्यंत तिकडे कोणी बघायचंसुद्धा नाही, असा त्याचा नियम. सयाजीलाही तो पाठ होता. गिऱ्हाइकांना सयाजीच तो अभिमानाने सांगायचा.

माझा शेवटचा थर पडला तो खंडेनवमीच्या सकाळी. बहिरूला त्या दिवशी थांबायचं नव्हतं. दसऱ्याला त्याच्या भावाचा वाडा अण्याच्या पठारावरून खाली कोकणाच्या वाटेला लागणार होता. निघण्याआधी मेंढ्यांना ओवाळतात आणि घरातला थोरला तिथे लागतोच. थोरला बहिरू. त्याने मला राखेत निजवलं, घोंगडी पांघरली, दशांची बाजू भिंतीकडे केली, आणि सयाजीला म्हणाला, “मी येईस्तोवर हात लावू नको. परवा येतोच.” सयाजीने खांद्यावर थाप मारली. “तू जा रं निवांत. मी हाय ना.”

मी हाय ना! हे तीन शब्द मला अजून टोचतात.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते हे तुम्हाला माहीतच आहे. दुपारी वर्कशॉप धुऊन काढलं, लेथला झेंडूची माळ, वेल्डिंग मशीनला गंध, पान्यांची ओळ मांडून त्यांना हळदकुंकू. सयाजीची बायको लंकाबाई ताट घेऊन उभी. गावातली चार मोठी माणसंही आली होती. कारण सयाजीने आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आपल्याकडे अणुवीज केंद्राचा माल तयार झालाय. मग त्यांच्यातला कोणीतरी म्हणाला, अहो, हत्यारं पूजली, पण ज्याच्यासाठी हत्यारं, तो पहिला माल देवापुढं नको का? शेतातलं पहिलं कणीस आपण देवाला वाहतो. हा तर केवढा मोठा मान!

सयाजीचं मन तिथे पाघळलं. मी त्याला ओळखते. तो वाईट नव्हता. त्याला खरंच वाटलं, पहिला नग देवाला दाखवावा. आणि चार माणसांनाही दाखवावा. दोन्ही एकदम वाटलं. त्याने घोंगडी बाजूला केली, पत्रा उचलला, लांब सांडशीने मला वर काढलं. पाटावर ठेवलं तर पाट जळेल म्हणून ऐरणीवर ठेवलं. म्हणजे मी किती तापलेली आहे हे त्याला ठाऊक होतं, मित्रांनो. पाट जळेल हे त्याला समजलं. माझं काय होईल हे नाही.

लंकाबाईने झेंडूचं फूल ठेवलं, ते काळं पडून गुंडाळलं. ती हळूच म्हणाली, “अवो, लई तापलंय हे.” पण तोवर सयाजीने हातातला नारळ उंच धरून ऐरणीच्या कडेवर आपटलाही होता. नारळ चांगला भरलेला निघाला. सगळं पाणी माझ्या तोंडावर.

वाफेचा लोट उठला. जमलेली माणसं म्हणाली, वा, देवाने घेतलं. त्या कौतुकात एक बारीक आवाज कोणाला ऐकू आला नाही. दोघांनाच आला. लंकाबाईला आणि सयाजीला. तो माझा होता.

सयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुण्यांना चहा पाजून त्याने वाटेला लावलं, मला पुसलं, आणि होते तशी राखेत ठेवलं. पत्रा ठेवला. घोंगडी पांघरली. त्याने दशांची बाजू दाराकडे केली. त्याला काय कल्पना, धनगर घोंगडी कशी टाकतो ते!

इथवर जे झालं त्याचा मला राग नाही. चूक होती, पण श्रद्धेने झालेली. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगायलाही बसले नसते. बहिरूने मला ग्राइंडरने खाली उतरवलं असतं, पुन्हा थर घातले असते, कंपनीने आठवडाभर सवलत दिली असती, सगळं निभावलं असतं. सयाजीने फक्त एकदा तोंड उघडायला हवं होतं.

बहिरू आला. त्याने घोंगडी पाहिली आणि तिथेच थबकला. मग त्याने पत्रा उचलला. मला काढलं, ब्रशने घासलं. एका कडेला गूळ करपावा तसा तपकिरी डाग होता, तो त्याने बोटाने चाचपून पाहिला. मग मला लेथवर चढवलं, वरून साफ केलं. माझी फट इतकी बारीक होती की नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब तपासणीला आले. त्यांची रीत अशी: आधी तुकड्यावर लाल रंग फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा, मग पांढरी भुकटी मारायची. कुठे फट असेल तर आत मुरलेला लाल रंग भुकटीवर उमटतो. पांढरी भुकटी पडली आणि बहिरू माझ्याकडे बघत राहिला, लेकराचा निकाल बघावा तसा. माझ्या तोंडावर हळूहळू लाल रेघा फुटल्या. मधून निघून चारी बाजूंना पसरलेल्या. त्या थांबवायचं माझ्या हातात असतं, तर मी तो सगळा रंग गिळला असता.

साहेबांनी मान हलवली. वेल्डरचा हात कच्चा आहे म्हणाले. नीट तापवलं नाही, घाई केली. सयाजीला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, दुसरा वेल्डर बघा, मग आणखी एक नमुना देता येईल. पण वर्कशॉपच हलगर्जी असेल तर आम्ही परत पाऊल टाकणार नाही. सयाजीला यातून निघायला दोनच वाटा होत्या. एकीत त्याचं वर्कशॉप जात होतं, दुसरीत बहिरू. त्याने किती वेळ विचार केला ते मला माहीत नाही. फार केला नसावा.

साहेब गेल्यावर बहिरू त्याच्यापुढे उभा राहिला. दोघंच होते, म्हणून नावाने हाक मारली. “सयाजी, घोंगडीच्या दशा मी भिताडाकडं केल्या व्हत्या. त्या दाराकडं कशा आल्या? कुणी खड्डा उघडला व्हता का?”

सयाजीने पाठ फिरवली. मग तो देवळीकडे गेला. नवरात्रातला भंडारा वाटीत होता, बेलाचं पान होतं. त्याने ओंजळीत बेलभंडार उचलला आणि म्हणाला, “खंडोबाची आण. मी हात लावला नाय.”

तुम्ही शहरातली मुलं असाल तर तुम्हाला हे नुसती हळद वाटेल. आमच्याकडे बेलभंडार उचलला की तंटा मिटतो. जमिनीचे, मेंढ्यांचे, सोयरिकीचे तंटे त्याच्यावर मिटले आहेत. त्याच्यापुढे कोणी दुसरा शब्द काढत नाही. बहिरूने कपाळाला हात लावला आणि खाली मान घातली. त्याचे डोळे सांगत होते की घोंगडी हलली आहे, बोट सांगत होतं की हा डाग आपला नाही. पण भंडाऱ्याने सांगितलं की सयाजी खरं बोलतोय. मग खोटं कोण उरलं? तो स्वतः, आणि मी.

त्याने मला उचललं. “ह्यो माझा दगा हाय शेठ,” तो म्हणाला, “माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

दोघंच असताना त्याने सयाजीला शेठ म्हटलं, ते तेव्हा पहिल्यांदा. लंकाबाई दाराआड उभी होती. तिने ते ऐकलं आणि मूग गिळून गप्प राहिली. त्या दिवाळीला तिने म्हाळसाबाईकडे फराळाचं ताट पाठवलं, दरवर्षीपेक्षा मोठं. पण तोवर मागची खोली रिकामी झाली होती. ताट तसंच परत गेलं.

बहिरू भावाच्या वाड्यावर परतला. वेल्डिंगचा होल्डर त्याने पुन्हा हातात धरला नाही. कोणी बोलावलं तर म्हणायचा, हात कच्चा हाय. कांदा, टोमॅटो निघालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, नारायणगाव, ओतूर, बेल्ह्याचा बाजार, पुन्हा मंचर, असं त्याचं फिरणं सुरू झालं. प्रांजलला म्हाळसाबाईच्या माहेरी शाळेसाठी ठेवलं. आणि मी खुंट्या ठोकायला.

रोज संध्याकाळी तो मला हातात घ्यायचा आणि खुंटीच्या डोक्यावर हाणायचा. लागेल त्यापेक्षा जास्त हाणायचा. पहिल्या पहिल्यांदा तर खुंटी केव्हाच बसलेली असायची, तरी हा हाणतच. कधी दम लागला की मला पालथी टाकून म्हणायचा, “दगाबाज.” म्हाळसाबाई एकदा चिडून म्हणाली, लोखंडाशी कसलं वैर? तो म्हणाला, वैर नाय, वळख ठेवतोय. मी कडक जातीची, मला मार लागत नाही. पण ज्या हाताने आपल्याला थराथराने वाढवलं त्याच हाताचे हे घाव, ते लागायचे. केसाने गळा कापला तो दुसऱ्याने, आणि रोज फासावर मी. मला ओरडून सांगायचं होतं, अरे मूर्खा, तुझा हात सोन्याचा आहे, माझ्या पोटात बघ! पण चकतीला तोंड असलं तरी वाचा नसते.

एका साली वाडा अवसरी बुद्रुकला बसला. शेजारचं रान सयाजीचं. सयाजीचं आता चांगलं चाललं होतं. दुसरा वेल्डर आणून नमुना पास करून घेतला होता, मागे मोठी शेड उठली होती, निवायला विजेची भट्टी आली होती. तो मोटारसायकलवरून रानात आला. बहिरू खुंटी ठोकत होता. सयाजीने बांधावर गाडी थांबवली, बहिरूकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उतरेल. आता येईल. त्याने गाडी वळवली आणि स्वतःच्या रानात पाऊल न टाकता परत गेला. बहिरूला वाटलं, शेठ अजून आपल्यावर रागावलेत.

वर्षं गेली. प्रांजल शिकत शिकत तालुक्यातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात पोहोचली. दोन हजार सालानंतर आणखी सात-आठ वर्षं झाली असतील. वर्गात मॅडमनी पडद्यावर एक नवीन यंत्र दाखवलं. परदेशात ते धातूची भुकटी पसरतं, प्रकाशाच्या किरणाने वितळवतं आणि थरावर थर देत अख्खा भाग उभा करतं. साचा नाही, कापाकाप नाही. मॅडम म्हणाल्या, उद्या अणुवीज केंद्रातले भागही असे बनतील. प्रांजल उभी राहिली आणि म्हणाली, माझे वडील हे हाताने करायचे. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, त्यांनी केलेलं काही आहे का तुझ्याकडे?

सुट्टीला ती वाड्यावर आली तेव्हा तिने मला मागितलं. बहिरूने मला तिच्या पिशवीत टाकलं. मला कापावं लागेल असं ती भीत भीत म्हणाली. “काप,” तो म्हणाला, “दग्याचं पोट तरी कळू दे.”

कॉलेजात मला करवतीखाली धरलं. घाबरले नाही, उलट म्हटलं, चला, आता तरी! कापलेला भाग घासून आरशासारखा केला, त्यावर तेजाब लावलं, आणि मंचरचा कांदा मधोमध चिरल्यावर दिसतात तसे माझे थर उघडे पडले. एकावर एक, घट्ट, कुठे पोकळी नाही, मळी नाही. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी प्रांजलला फट दाखवली. फट वरून सुरू होत होती आणि खाली जाता जाता बारीक होऊन संपत होती. वेल्डिंग कच्चं असतं, त्या म्हणाल्या, तर ती आतून, जोडातून निघाली असती. ही वरून आली आहे. तापलेली असताना हिच्यावर कोणीतरी पाणी ओतलंय. तुझ्या वडिलांच्या कामात खोट नाही.

प्रांजलने माझा एक भाग मॅडमकडे ठेवला आणि दुसरा, म्हणजे मी, पिशवीत घातला.

वाड्यावर बहिरूने सगळं ऐकून घेतलं.  तो माझ्या कापलेल्या अंगावरून अंगठा फिरवत राहिला, वरून खाली, खालून वर. मग हलक्या आवाजात म्हणाला, “तू नव्हतीस गं.” बस, एवढंच. मित्रांनो, पोलादाला रडता येत नाही हे फार चांगलं आहे.

खंडेनवमी जवळच होती. त्या दिवशी तो मला घोंगडीत गुंडाळून पेठला गेला. नव्या शेडमध्ये झेंडूच्या माळा, मांडलेली हत्यारं, ताट घेऊन उभी असलेली लंकाबाई, केस पिकलेली. सयाजीच्या हातात नारळ. बहिरूने मला ऐरणीवर ठेवलं, कापलेली बाजू वर करून. सयाजीला काही विचारावं लागलं नाही. त्याने नारळ खाली ठेवला आणि खुर्चीत बसला.

लंकाबाईच बोलली. “बहिरूभाऊ, मी व्हते तिथं. मी आवाज ऐकला व्हता.”

सयाजीने डोळे पुसले. त्याने सांगितलं की खोट्या शपथेने त्याला झोप लागत नव्हती, म्हणून त्याच साली तो अनवाणी जेजुरीला गेला, गड चढला, खंडोबापुढे नाक घासलं, चूक कबूल केली, भंडारा उधळून आला. तेव्हा कुठे मन हलकं झालं.

बहिरू ऐकत होता. मला वाटलं, आता हा चिडेल. तो चिडला नाही.

“जेजुरी लई लांब शेठ,” तो म्हणाला. “माझा वाडा तुमच्या बांधाला बसला व्हता.”

सयाजी उठला, त्याने बहिरूचे दोन्ही हात धरले. म्हणाला, उद्यापासून ये, तुझ्या नावाने भट्टी सुरू करतो, कंपनीला मी स्वतः सगळं सांगतो. बहिरूने हात हळूच सोडवून घेतले आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. “हात हायेत अजून,” तो म्हणाला. “हातावरचा इस्वास तुमी ठिवून घेतला. तो आता माघारी घिऊन काय करू?”

त्याने मला उचललं, घोंगडीत गुंडाळलं आणि निघाला. लंकाबाई ताट घेऊन दारापर्यंत आली. त्याने तिला नमस्कार केला. मागे मात्र पाहिलं नाही. त्या वर्षी सयाजीकडे नारळ फुटला की नाही, मला ठाऊक नाही.

वाड्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मेंढ्या रानातून परतत होत्या, म्हाळसाबाईने वाघर पसरून ठेवली होती. सवयीने बहिरूचा हात माझ्याकडे आला. माझ्यावर टेकला आणि थांबला. मग तो बांधावर गेला, तिथून एक दगड घेऊन आला आणि दगडानेच खुंट्या ठोकायला लागला. दगड वेडावाकडा होता, बोट चेचलं, खुंट्या तिरप्या बसल्या. म्हाळसाबाई म्हणाली, चकती असताना दगड कशाला? तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे तिला. लई सोसलंय तिनं.”

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, तेलपाणी करा, गंजू देऊ नका. माझं तसलं मागणं नाही. मी गंजणाऱ्यांपैकी नाही. माझं एवढंच ऐका: तुमच्या हातून काही तडकलं आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी बसला, तर देवाकडे खुशाल जा, पण आधी त्या माणसाकडे जा. त्याचा वाडा जवळच कुठेतरी बसलेला असतो, आणि तो रोज संध्याकाळी स्वतःच्याच हाताला शिव्या देत खुंट्या ठोकत असतो.